व्हरांड्यातल्या दोन खुर्च्या

एका वाचकांचं चार पानी पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा गोषवारा असा. वय ६१, पुढच्या वर्षी निवृत्ती. पत्नी ५७ वर्षांच्या; "घरीच असते, आसपासच्या मुलांच्या शिकवण्या घेते." एकुलती एक मुलगी लग्नानंतर दुसऱ्या शहरात. सध्याच्या फ्लॅटमध्ये २६ वर्षं झाली. तिसरा मजला, लिफ्ट आहे, पण समोरचा रस्ता रुंद झाल्यापासून रात्रभर गाड्यांचा आवाज. समुद्राकाठच्या एका छोट्या गावात हे दोघं गेली १८ वर्षं दरवर्षी आठवडाभर राहायला जातात. तिथेच एक जागा विकायला निघाली आहे. फ्लॅट विकला तर ती घेऊन छोटं घर बांधता येईल. जागेच्या मालकाला दोन महिन्यांत उत्तर हवं आहे. मुलगी म्हणते, "आमच्याच सोसायटीत घर घ्या. उद्या काही झालं तर मी एवढ्या लांब कशी पोचणार?" पत्नी म्हणतात, "तुम्ही ठरवाल तिथे मी येईन." वाचकांचा प्रश्न असा: "मन समुद्राकडे ओढ घेतंय आणि डोकं मुलीकडे. आयुष्यभर डोक्याचं ऐकलं, आता तरी मनाचं ऐकू का?" सोबत त्यांनी स्वतः काढलेला घराचा नकाशा जोडला आहे.

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं, नकाशा मात्र कितीतरी वेळा पाहिला. पेन्सिलीने, पट्टी लावून, फार मायेने काढलाय तुम्ही. व्हरांड्यात समुद्राकडे तोंड केलेल्या दोन खुर्च्या, मधे छोटं टेबल. वरच्या मजल्यावर झोपायची खोली, तिला भिंतभर खिडकी. वर जायच्या जिन्याच्या पायऱ्यासुद्धा काढल्यात. मी मोजल्या, चौदा आहेत. खाली बैठकीची खोली, तिच्या मागे स्वयंपाकघर. स्वयंपाकघराची खिडकी मागच्या टेकाडाकडे उघडते.

नकाशाकडे पुन्हा येईन. आधी तुमचा प्रश्न. मनाचं ऐकू की डोक्याचं, ही वाटणीच मला पटत नाही. मुलीजवळ राहावंसं वाटणं हीसुद्धा मनाचीच गोष्ट आहे. आणि समुद्राकाठी राहायचं ठरलं, तर त्यालाही भरपूर डोकं लावावं लागणार आहे. त्यामुळे मी तुम्हाला उलट विचारते: तुम्हाला नेमकं काय हवंय, आणि ते त्या जागेतच आहे का?

थोडा हिशोब करू. १८ वर्षं, वर्षाला सात दिवस. म्हणजे आजवर तुम्ही त्या गावात १२६ दिवस राहिलात. चार महिन्यांहून थोडं जास्त, तेही तुकड्यातुकड्यांनी. त्यातल्या एकाही दिवशी तुम्हाला तिथे प्लंबर शोधत फिरावं लागलं नसेल, बँकेत खेटे घालावे लागले नसतील. ऑफिस मागे टाकून, परतीची तारीख ठरवून तुम्ही गेला होतात. तिथे मिळालेला निवांतपणा खरा होता, त्याबद्दल मला शंका नाही. पण त्यातला किती समुद्राचा होता आणि किती सुट्टीचा? पुढच्या वर्षापासून सुट्टी तुम्हाला सगळीकडेच असणार आहे, अगदी आत्ताच्या फ्लॅटमध्येसुद्धा. ती तिथे कशी लागते हे तुम्ही अजून पाहिलेलंच नाही.

डेव्हिड श्केड आणि डॅनियल काहनेमन या संशोधकांचा १९९८ सालचा एक अभ्यास मला अशा वेळी नेहमी आठवतो. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात हिवाळा कडक असतो, कॅलिफोर्नियात ऊन आणि समुद्र. दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं, एकूण आयुष्याबद्दल तुम्ही किती समाधानी आहात? उत्तरं जवळपास सारखी आली. पण आपल्यासारखाच कुणी दुसऱ्या भागात राहत असेल तर तो किती समाधानी असेल, असं विचारल्यावर दोन्हीकडच्यांना वाटलं की कॅलिफोर्नियावालाच जास्त सुखी असणार. दोन जागा शेजारी ठेवल्या की त्यांच्यातला फरक तेवढा डोळ्यांत भरतो, हवा आणि देखावा. रोजचा दिवस मात्र ज्यांवर चालतो त्या गोष्टी, झोप, गुडघे, हातातलं काम, दिवसभरात आपल्याशी कोण बोललं, या त्या क्षणी हिशोबातच येत नाहीत.

म्हणून त्या गावातली संध्याकाळ डोळ्यांपुढे आणू नका, ती तुम्हाला पाठच आहे. साधा मंगळवार आणा. सकाळचे अकरा वाजलेत, पेपर वाचून झालाय, समुद्र पाहून झालाय. आता काय? कोणाकडे जाल? कोण तुमच्याकडे येईल? तुमच्यावाचून कुणाचं काय अडलेलं असेल? या प्रश्नांना नावानिशी उत्तरं देता आली, "शेजारच्या अमक्याबरोबर बाग करायची आहे", "शाळेत शिकवायला बोलावलंय", तर जागा योग्य असण्याची शक्यता बरीच आहे. उत्तर नुसतंच "निवांत बसेन" असेल तर जरा थांबा. निवांत बसणं पहिले काही महिने फार गोड लागतं.

तुमच्या तक्रारीतली एक गोष्ट मात्र मी अजिबात हलकी धरत नाही, ती म्हणजे रात्रीचा आवाज. रात्री घराबाहेर वाहनांचा आवाज सरासरी ४५ डेसिबलच्या खाली असावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१८ सालची शिफारस आहे. रुंद, वाहत्या रस्त्याला लागून असलेल्या खिडकीबाहेर तो याच्या बराच वर जातो. झोपमोड होते आणि हृदयावरही ताण येतो. तेव्हा तुम्हाला तिथून निघावंसं वाटतं हे योग्यच आहे. पण आवाजापासून सुटायचं तर शेकडो किलोमीटर लांब जायलाच हवं का? त्याच भागातल्या आतल्या गल्लीत, रस्त्याकडे पाठ असलेलं घर मिळालं तर? तुमच्या पत्रात तीन पर्याय आहेत: समुद्र, मुलगी, आहे तिथेच. हा चौथा पर्याय तुम्ही विचारातच घेतलेला दिसत नाही. ओळखीचे लोक तेच, दुकानदार तोच, डॉक्टर तेच, आवाज तेवढा गेला. निवृत्तीनंतर कुठे राहायचं हा प्रश्न पडलेल्या बऱ्याच जणांना खरं तर गाव बदलायचं नसतं, घर बदलायचं असतं.

आता नकाशा. व्हरांड्यातल्या दोन खुर्च्यांपैकी एक कधीतरी रिकामी होणार आहे. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण तुम्ही विश्वासाने विचारलंत म्हणून लिहिते. जगात जवळपास सगळीकडे बायका पुरुषांपेक्षा जास्त जगतात आणि तुमच्या पत्नी तुमच्याहून चार वर्षांनी लहान आहेत. उलटंही होऊ शकतं. पण त्या घरात शेवटची काही वर्षं त्या एकट्या असण्याची शक्यता जास्त आहे. तेव्हा घर निवडताना पहिला प्रश्न हा धरा: मी नसताना हिला इथे राहता येईल का? आणि दुसरा: ही नसताना मला?

माझ्या काकांनी निवृत्तीनंतर डोंगराच्या कुशीत घर बांधलं. आम्ही सगळे तिथे जायचो, भारावून परत यायचो. पाचव्या वर्षी काका गेले. काकूला गाडी चालवता येत नव्हती. काका असताना कधी गरजच पडली नव्हती. बाजार सहा किलोमीटरवर, बस दिवसातून दोनदा. गाडी शेडमध्ये उभी. बॅटरी उतरू नये म्हणून कुणीतरी तिला सांगितलं होतं, आठवड्यातून एकदा इंजिन चालू करत जा. मी राहायला गेले होते तेव्हा एका रविवारी ती शेडमध्ये गेली, मागोमाग मीही गेले. ती स्टिअरिंगसमोर बसली नाही. तिच्या नेहमीच्या जागेवर, शेजारच्या सीटवर बसली आणि तिथून हात लांब करून तिने चावी फिरवली. दहा मिनिटं आम्ही तशाच बसलो. मग तिने चावी उलटी फिरवली आणि आम्ही घरात आलो.

तीन वर्षं तिने काढली तशी. मग घर मिळेल त्या किमतीला विकून ती शहरात परतली. पण जुन्या वस्तीत घर परवडत नव्हतं, नव्या वस्तीत ओळखीचं कुणी नव्हतं आणि वय झालं होतं ७१. काकांनी काही चुकीचं केलं असं मी म्हणत नाही. त्यांची पाच वर्षं आनंदात गेली. फक्त ते घर पाच वर्षांच्या हिशोबाचं होतं.

तुमच्या पत्नीबद्दल मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण तुमच्या पत्रात त्या फार कमी आहेत. व्हरांड्याला एक अख्खा परिच्छेद आहे, त्यांना दोन वाक्यं. त्यातलं एक, "घरीच असते, शिकवण्या घेते." म्हणजे रोज संध्याकाळी त्यांच्याकडे मुलं येतात. मुलांना सोडायला आलेल्या आया दारात दोन मिनिटं थांबतात, बोलतात. कुणाचा निकाल लागला की पहिला फोन त्यांना येत असणार. हे काम आहे, आणि त्याला २६ वर्षांची मुळं आहेत. निवृत्त तुम्ही होताय, त्या नाही. समुद्राकाठी गेलात तर तुमचं काम आपोआप संपलेलं असेल, त्यांचं तुम्ही संपवलेलं असेल. मुलीच्या सोसायटीत गेलात तरी तेच.

"तुम्ही ठरवाल तिथे मी येईन" हा होकार नाही. कदाचित त्यांना खरोखरच कुठेही चालत असेल. कदाचित तुमच्या डोळ्यांतला आनंद मोडवत नसेल. किंवा विचारून काही उपयोग होईल असं त्यांना वाटत नसेल. यातलं काय, ते मला इथे बसून कळणार नाही. तुम्हालाही अजून कळलेलं नाही असं दिसतं.

आपलं आपण ठरवायला मिळणं ही उतारवयात केवळ मानापमानाची गोष्ट नसते. एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ साली एका वृद्धाश्रमात केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं, खोली कशी लावायची, वेळ कसा घालवायचा हे तुमचं तुम्ही ठरवा. एक रोप निवडा आणि त्याची काळजीही तुम्हीच घ्या. दुसऱ्या मजल्यावरच्यांना सांगितलं, तुमची सगळी काळजी आम्ही घेऊ. रोप त्यांनाही दिलं, पण पाणी कर्मचारी घालणार. तीनच आठवड्यांत आपलं आपण ठरवणारे लोक जास्त तरतरीत, जास्त हिंडतेफिरते आणि जास्त आनंदी झालेले दिसले. एका रोपाने आणि एवढ्याशा निवडीने जर असा फरक पडत असेल, तर राहायचं गावच दुसऱ्या कुणीतरी ठरवण्याचा परिणाम काय होत असेल, याचा विचार करा.

त्यांना विचारायचं कसं? "समुद्राकडे जाऊया ना?" असं विचारलंत तर तेच उत्तर येईल. जागेचा विषयच काढू नका. "पाच वर्षांनी तुझा दिवस कसा असावा असं तुला वाटतं?" असं विचारा आणि मग गप्प राहा. उत्तर लगेच येणार नाही, दोन दिवसांनी भलत्याच वेळी येईल. ते आलं की "अगं पण तिथेही..." असं सुरू करू नका. समोरासमोर जमत नसेल तर दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहा: कशावाचून मी राहू शकत नाही, आणि काय सोडायला मी तयार आहे. मग कागदांची अदलाबदल करा. लग्नाला कितीही वर्षं झालेली असोत, त्या कागदावर नवं काहीतरी निघतं, हे मला वाचकांच्या पत्रांतून वारंवार दिसलं आहे.

शेजाराबद्दल एक गोष्ट सांगते, कारण जागा बघताना लोक पाणी बघतात, रस्ता बघतात आणि शेजार बघायचा राहून जातो. जुलै १९९५ मध्ये शिकागो शहरात उष्णतेची लाट आली, सातशेहून अधिक माणसं दगावली. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचं प्रमाण त्यात मोठं होतं. नंतर अभ्यासकांना दिसलं की शेजारी-शेजारी असलेल्या दोन गरीब वस्त्यांमध्येसुद्धा मृत्यूंच्या प्रमाणात मोठा फरक होता. जिथे दुकानं उघडी होती, रस्त्यावर वर्दळ होती, म्हातारी माणसं रोज बाहेर पडत होती, तिथे मृत्यू बरेच कमी होते. जिथे दुकानं बंद पडलेली, रस्ते ओस, तिथे लोक दारं लावून आत राहिले. तेव्हा तुमच्या गावात हे बघा की एक दिवस तुमचं दार उघडलं नाही तर ते कुणाच्या आणि किती वाजता लक्षात येईल. सुट्टीच्या दिवसांत तिथे गर्दी असणार. पण आसपासच्या घरांपैकी किती घरांत वर्षभर दिवा लागतो? रिकाम्या बंगल्यांच्या रांगेत राहणं हे शांततेत राहणं नव्हे.

दवाखान्याचं तुम्ही लिहिलंय, "अर्ध्या-पाऊण तासावर मोठं गाव आहे." हा अंदाज दिवसाचा आहे, आणि गाडी तुम्ही चालवताय असं धरून केलेला आहे. पक्षाघातात मेंदूतली गुठळी विरघळवणारं औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि त्यातही जितकं लवकर तितकं बरं. या वेळात लक्षणं ओळखणं, वाहन मिळणं, रस्ता आणि मेंदूचं स्कॅन, सगळं बसवायचं असतं. म्हणून तिथे असताना एकदा रात्री अकरा वाजता त्या मोठ्या गावापर्यंत जाऊन या, भाड्याच्या गाडीने. गाडी मिळायला किती वेळ लागला ते लिहून ठेवा. त्या रुग्णालयात रात्री स्कॅन होतं का, हे आधीच विचारा. आणि संकटापेक्षा रोजची औषधं, दात, डोळे, रक्ततपासणी यांसाठीच माणूस जास्त वेळा घराबाहेर पडतो. कधीतरी गाडी चालवणं सोडावं लागेल, तेव्हा यातलं काय काय पायी किंवा बसने जमेल? जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली वृद्धांना सोयीची शहरं कशी असावीत याचं मार्गदर्शन तयार केलं, त्यासाठी जगभरातल्या ३३ शहरांमधल्या वयस्क लोकांना विचारलं होतं. बसायला बाक, स्वच्छतागृह, धड पदपथ, वेळेवर येणारी बस, अशा गोष्टी लोकांनी सांगितल्या. समुद्र दिसतो का, यापेक्षा समुद्रापर्यंतच्या वाटेवर टेकायला बाक आहे का, हे पंच्याहत्तरीत महत्त्वाचं ठरतं.

घर बांधायचंच ठरलं तर झोपायची खोली खाली आणा. मी याबाबतीत हट्टी आहे. घरातल्या घरात पडणं हे उतारवयातल्या मोठ्या दुखण्यांचं मूळ असतं, आणि रात्री झोपेतून उठून जिना उतरणं म्हणजे त्याला आमंत्रण. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या तुलनेत एक तृतीयांशाच्या आसपासच प्रकाश पोचतो, म्हणून दिवे भरपूर आणि बटणं दाराजवळ. दारं निदान ९० सेंटिमीटर रुंद. बाथरूममध्ये उंबरा नको, आधाराचे दांडे भिंतीत आत्ताच बसवा, आणि चाकाची खुर्ची वळेल इतकी, दीड मीटरची, मोकळी जागा ठेवा. व्हरांड्याला पायऱ्यांबरोबर उतारही हवा: एक फूट चढायला बारा फूट लांबी. समुद्राची खारी हवा लोखंड आणि विजेची उपकरणं खाते, तेव्हा दुरुस्तीचा खर्च धरा. आणि किनारा गेल्या वीस-तीस वर्षांत किती आत सरकलाय, हे गावातल्या जुन्या माणसांना विचारा. समुद्राची पातळी वाढते आहे आणि तुम्हाला या घरात पुढची तीस वर्षं काढायची आहेत. स्वयंपाकघराची खिडकी टेकाडाकडे का, हे मात्र तुम्हीच स्वतःला विचारा.

मुलीच्या काळजीत प्रेम आहे. "उद्या काही झालं तर" हा तिचा प्रश्न खरा आहे, त्याला उत्तर द्यायलाच हवं. पण त्याचं एकच उत्तर नाही. तिच्या नोकरीचं, जावयांच्या नोकरीचं गाव पुढची दहा वर्षं हेच राहणार आहे का? तुम्ही घर विकून तिच्या सोसायटीत गेलात आणि दोन वर्षांनी त्यांची बदली झाली तर? हे तिला मोकळेपणाने विचारा. दुसरं असं की तिच्या शहरात तुमच्या सगळ्या ओळखी तिच्यामार्फत होणार असतील, तर तिच्या घरी यायला उशीर झाला की तुमची संध्याकाळ रिकामी. हे तिलाही जड जाईल, तुम्हालाही. जायचंच असेल तर ऐंशीत हातपाय थकल्यावर जाण्यापेक्षा साठीत गेलेलं बरं, कारण नवे मित्र जोडायला पायांत बळ लागतं. आणि घर त्याच इमारतीत नको, थोडं लांब, बोलावल्यावर यावं इतकं लांब.

मी तुमच्या जागी असते तर आत्ता काहीच विकलं नसतं. फ्लॅट विकणं हा एकच निर्णय असा आहे जो मागे घेता येत नाही, त्याच वस्तीत पुन्हा घर घेणं बहुधा जमत नाही. बाकी सगळं करून बघता येतं. निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष त्यासाठी ठेवा. त्या गावात तीन महिने भाड्याने राहा, आणि तेही सगळ्यात वाईट ऋतूत, जेव्हा पाहुणे निघून गेलेले असतात आणि वीज जात असते. हॉटेलात नको, तुम्हालाच झाडून पुसून घ्यावं लागेल अशा घरात. मग मुलीच्या शहरात महिना-दीड महिना, पण तिच्या पाहुण्यांच्या खोलीत नाही, वेगळ्या भाड्याच्या घरात. उरलेल्या काळात आपल्याच भागातली आतली घरं बघा. शिकवण्या या वर्षभर बंद पडू नयेत म्हणून त्या इंटरनेटवरून चालतात का, किंवा समुद्राकाठच्या गावात मुलांना त्यांची गरज आहे का, हे तुमच्या पत्नी स्वतः बघतील. त्यासाठी लागेल ती मदत तुम्ही करा, आजवर त्यांनी तुमच्या नोकरीला केली तशी. दोघांनी वेगवेगळ्या वह्या ठेवा, रोज दोन ओळी: आज कुणाशी बोललो, आज काय खटकलं.

अशीच पत्रं मला एकट्या राहणाऱ्यांकडून, मूलबाळ नसलेल्यांकडूनही येतात, म्हणून त्यांच्यासाठी थोडं. मुलांजवळ जायचा पर्याय नाही म्हणजे वृद्धाश्रमच, असं नाही. डेन्मार्कमध्ये १९७० च्या दशकापासून लोकांनी एकत्र येऊन वस्त्या उभ्या केल्या: प्रत्येकाचं घर स्वतंत्र, स्वयंपाकघर आणि अंगण मात्र सामाईकही. बॉस्टनच्या बीकन हिल भागातल्या वयस्क रहिवाशांनी या शतकाच्या सुरुवातीला वेगळा मार्ग काढला. कुणीही घर सोडायचं नाही, सगळ्यांनी वर्गणी काढायची आणि त्यातून डॉक्टरांकडे नेणारी गाडी, घरातली दुरुस्ती, सोबत यांची व्यवस्था लावायची. यासाठी मोठी संस्था लागत नाही, एकमेकांच्या घराच्या किल्ल्या ठेवणारी पाच-सात घरं सुरुवातीला पुरतात. निवृत्तांच्या तयार वसाहतीत जाणार असाल तर करार नीट वाचा: अंथरुणाला खिळल्यावर ठेवून घेतात का, जोडीदार गेल्यावर दुसऱ्याचं काय, सोडून जायचं झालं तर किती पैसे परत मिळतात. आणि दुपारी न सांगता जाऊन तिथल्या लोकांशी बोला, कार्यालयातल्यांशी नको.

राहिला जागेचा मालक. दोन महिन्यांची मुदत त्याची आहे, तुमची नाही. उद्याच फोन करून सांगा की वर्षभर तरी निर्णय होणार नाही. तो थांबला तर उत्तम. नाही थांबला तर ती जागा जाईल, आणि तुम्हाला वाईट वाटेल, बरेच दिवस वाटेल. वाटू द्या. नकाशा फाडू नका. कोरा कागद, पट्टी आणि पेन्सिल पत्नीसमोर ठेवा, आणि त्यांना त्यांचा नकाशा काढू द्या. गाव कुठलंही असो. त्या काढत असताना तुम्ही शेजारी बसू नका, बाहेर एक फेरी मारून या.